पहिला दात, पहिलं पाऊल, पहिलं अक्षर



मोठ्या माणसांचे समारंभ ठरलेले असतात. ब्रित मिला, बार मित्स्वा, मेंदी, लग्न. त्यांच्या पत्रिका छापतात, हॉल घेतात, पाहुण्यांची यादी करताना घरात दोन-चार भांडणेही होतात. पण घरात लहान मूल असले की जवळजवळ रोजच एखादा समारंभ होत असतो आणि त्याची पत्रिका कोणालाच जात नाही. आज बाळ पालथे पडले. आज त्याने चमचा स्वतः तोंडापर्यंत नेला, निम्मे नाकाला लागले तरी नेला. आज चपला आपल्या आपण घातल्या, डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे.

अशा बिनपत्रिकेच्या समारंभांविषयी आज लिहायचे आहे. आजी-आजोबांना आपल्या लेकरांचे दिवस आठवतील. आणि मुलांनो, तुम्हाला कळेल की तुम्ही काय काय पराक्रम करून इथवर आला आहात!

आधी थोडे आमच्या घराविषयी. मी मूळची ठाण्याची, 2012 साली लग्न होऊन अश्दोदला आले. सासरे आणि सासूबाई रेवदंड्याचे, ते 1971 साली इस्रायलला आले. आम्हाला एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगी आता नऊ वर्षांची आहे, मुलगा तीन वर्षांचा. नवरा बंदरात कामाला. घरात मराठी, हिब्रू आणि थोडी इंग्रजी अशी तीन भाषांची खिचडी चालते.

तान्हं आलं की मराठी येते

इथे जन्मलेल्या आपल्या मुलांच्या तोंडून मराठी कमी होत चालली आहे, हे आपण सगळेच बघतो. पण एक गंमत माझ्या लक्षात आली. घरात तान्हे आले की तीच मराठी पुन्हा बाहेर येते. माझ्या नवऱ्याचे सगळे व्यवहार हिब्रूत. मित्रांशी हिब्रू, कामावर हिब्रू, टीव्हीवरचा फुटबॉल बघताना ओरडणेही हिब्रूत. पण मुलगी झाली आणि हा माणूस तिला कडेवर घेऊन म्हणायला लागला, “भूर जायचं? चल, भूर जाऊ.” मी विचारले, “हे कुठून आठवलं?” तर म्हणाला, “मला काय माहीत! तोंडात आलं.”

मम्मं, भूर, बाऊ, निन्नी, हम्मा, चिऊ, काऊ. कोणी शिकवावे लागत नाही. जिच्या मांडीवर आपण वाढलो तिने ते शब्द आपल्यात ठेवलेले असतात. आणि बाळाच्या प्रगतीचे शब्दही आमच्याकडे मराठीच: हुंकार देतं, मान धरली, पालथं पडलं, पोटावर सरकतं, रांगतं, धरून उभं राहतं, पाऊल टाकलं, दुडूदुडू धावतं. सासूबाई बाळाकडे एकदा बघतात आणि यातला नेमका शब्द सांगतात. तो त्यांचा वैद्यकीय अहवाल.

बिरड्याचा रोजा ते खिरीचा सण

सासूबाईंना तारखा आठवत नाहीत, सण आठवतात. नवरा कधी चालायला लागला असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “बिरड्याच्या रोजाला उभा राहिला आणि खिरीच्या सणाला चालला. मधे नुसता उभाच! टेबल धरून राजासारखा बघत बसायचा.”

मुलांनो, ही नावे तुम्ही कदाचित ऐकली नसतील. ती आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल लोकांची जुनी नावे. तिशा बेआवच्या उपासाला आपले लोक बिरड्याचा रोजा म्हणत, कारण तो उपास सोडताना वालाचे बिरडे खात. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी येणारा खिरीचा सण. म्हणजे सासूबाईंच्या हिशोबाने माझ्या नवऱ्याने उभे राहण्यापासून चालण्यापर्यंत जवळजवळ दोन महिने घेतले. फोटो नाही, वही नाही, तरी इतक्या वर्षांनी हिशोब पक्का.

त्या काळी ही बातमी रेवदंड्याला कळवायची तर एरोग्रामच्या निळ्या कागदावर. सासूबाई सांगतात, “बाळाला पहिला दात आला म्हणून मी आईला पत्र लिहिलं. तिकडून उत्तर आलं, दात आला ते वाचून आनंद झाला, शेजारी साखर वाटली. तोपर्यंत याला चार दात आले होते आणि तो मला चावत होता!” साखर मात्र त्या पहिल्याच दाताची होती.

आज माझी आई ठाण्याहून फोनवर सगळे बघते. तिची घड्याळे आमच्यापेक्षा उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन तास पुढे. आमच्याकडे बाळाची संध्याकाळची आंघोळ असते तेव्हा तिची निजायची वेळ झालेली असते. तरी ती चष्मा लावून बसते. “टाळूला तेल घातलंस का गं?” हा प्रश्न समुद्र ओलांडून रोज येतो.

दुधाचा थेंब

इस्रायलमध्ये बाळाला तपासायला आणि लस टोचायला ‘तिपत हालाव’मध्ये नेतात, हे इथल्या सर्वांना माहीत आहे. तिपत हालाव म्हणजे दुधाचा थेंब. हे नाव कसे पडले ते मुलांनी ऐकण्यासारखे आहे. 1921 साली यरुशलेममध्ये हदासा संस्थेच्या परिचारिकांनी आई आणि बाळासाठी हे काम सुरू केले. त्या काळी बाळांना स्वच्छ दूध मिळणे अवघड होते. म्हणून निर्जंतुक केलेले दूध गाढवावरून घरोघर पोहोचवत. दूध वाटायची गरज पुढे राहिली नाही, पण नाव तसेच राहिले. सासूबाई म्हणतात, “आपल्याकडे म्हण आहेच की, थेंबे थेंबे तळे साचे. मूलही तसंच वाढतं.”

मला ती म्हण तेव्हा फार उपयोगी पडली. कारण आमची थोरली उशिरा चालली.

शेजारचा मुलगा दहाव्या महिन्यात चालायला लागला होता. आमची एक वर्षाची झाली तरी बुडावर बसून सरकत होती. चौदा महिने झाले, पंधरा झाले. शब्बाथला सिनेगॉगमध्ये भेटणारी प्रत्येक मावशी विचारायची, “अजून चालत नाही?” विचारण्यात माया होती, पण मला रात्री झोप येत नसे. मी तिचे पाय हातात घेऊन बघत बसायची. आपल्यात म्हणतात, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. मला मात्र तिच्या पायांत काहीच वाचता येत नव्हते.

तिपत हालावच्या परिचारिकेने तिला नीट तपासले. पाय हलवून पाहिले, उभे करून पाहिले, आणि मग एक तक्ता दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेने तो 2006 साली प्रसिद्ध केला आहे. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या 816 निरोगी मुलांना पाहून तो तयार केला. त्यात काय आहे ते आपल्या नव्या आई-बाबांसाठी इथे देते:

आधाराशिवाय बसणे: साधारण 4 ते 9 महिने.
हात आणि गुडघे टेकून रांगणे: साधारण 5 ते साडेतेरा महिने.
आधाराशिवाय उभे राहणे: साधारण 7 ते 17 महिने.
आधाराशिवाय चालणे: साधारण 8 ते साडेसतरा महिने.

म्हणजे एक निरोगी मूल आठव्या महिन्यात चालते आणि दुसरे निरोगी मूल सतराव्या महिन्यात. दोन्ही ठीक. आणि त्या अभ्यासातली शंभरातली चारेक मुले हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, थेट पुढची पायरी चढली! परिचारिकेने एवढेही सांगितले की अठरा महिन्यांपर्यंत मूल चालले नाही, किंवा येत असलेली गोष्ट करायचे थांबले, तर वाट बघत बसायचे नाही, डॉक्टरांना दाखवायचे. मला दोन्ही गोष्टी ऐकायच्या होत्या: धीर कुठपर्यंत धरायचा आणि कुठे थांबायचा.

सासूबाईंचा उपाय वेगळा होता. त्यांनी नवस बोलला, “एलियाहू हन्नबी, पोर चालू दे, मलिदा करीन.”

जिचा फोटो नाही अशी गोष्ट

सतरावा महिना चालू होता. शुक्रवारची संध्याकाळ. मेणबत्त्या लावून झाल्या होत्या, टेबलावर किद्दूशची तयारी होती. नवरा कामावरून येऊन, आंघोळ करून सोफ्यावर बसला होता. थोरली माझ्या खुर्चीला धरून उभी होती. कोणी तिला बोलावले नाही, कोणी खेळणे दाखवले नाही. तिने खुर्ची सोडली. दोन्ही हात वर केले, जणू कोणी तिला पकडायला आले आहे, आणि चालू लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच पावले, आणि धप्पकन बाबाच्या पायाशी.

घरात कोणी बोलेना. मग सासरे म्हणाले, “अरे, चालली की पोर!” आणि सगळे एकदम रडायला आणि हसायला लागलो. ती आमच्याकडे बघून घाबरली आणि तीही रडली.

शब्बाथ लागला होता. फोन कपाटात होता. त्यामुळे त्या पाच पावलांचा फोटो नाही, व्हिडिओ नाही. माझ्या आईला दुसऱ्या दिवशी शब्बाथ सुटल्यावर फोन करून सांगितले. ठाण्यात मध्यरात्र होत आली होती. ती म्हणाली, “थांब, दिवा लावते, मग सांग. सगळं सांग.” मी तिला सगळे सांगितले, कुठला फ्रॉक होता, कोणता पाय आधी टाकला, पडताना काय आवाज काढला. हातात फोन होता, त्यावर चित्रही दिसते, तरी मी त्या रात्री सासूबाईंच्या एरोग्रामसारखे शब्दांनीच कळवले. त्यानंतर थोरलीचे शेकडो फोटो काढले. पण आईला ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायची असते.

मलिदा झाला. पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुका मेवा, वर फळे. शेजारपाजारचे, नात्यातले सगळे आले, प्रार्थना झाली. आणि जिच्यासाठी नवस, ती सगळ्यांच्या पायांमधून फिरत प्रत्येकाच्या ताटलीतले बेदाणे वेचत होती. “अजून चालत नाही?” विचारणाऱ्या मावश्याच आता ओरडत होत्या, “अगं धरा तिला, पडेल!”

“मी?” “मी!”

धाकट्याची तऱ्हा निराळी. तो तेराव्या महिन्यातच चालला, पण बोलायला वेळ लावला. दोन वर्षांचा झाला तेव्हा लोक म्हणाले, घरात इतक्या भाषा आहेत, मुलाचा गोंधळ होतो, मराठी बंद करा. सासूबाईंचा चेहरा पडला. त्यांना वाटले, आता नातवाशी आपण कुठल्या भाषेत बोलायचे?

पण तपासणीच्या वेळी आम्हाला वेगळेच सांगितले. कान तपासून घ्या, ते आधी. कान उत्तम निघाले. मग म्हणाले, मुलाचे शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजा. दोन भाषा ऐकल्याने मूल मागे पडत नाही. आजीशी आजीच्या भाषेत बोलू द्या. आम्ही घरी बसून मोजले. हिब्रू वेगळी मोजली तर शब्द थोडे वाटत, मराठी वेगळी मोजली तर त्याहून थोडे. एकत्र केले तर पन्नासच्या वर गेले! त्याचे पहिले वाक्यही मिसळीचेच होते, “आजी, मायिम दे.” आजीने पाणी तर दिलेच, वर चार पापे घेतले.

त्याच्या भाषेची एक मजा सांगते. मराठीत ‘मी’ म्हणजे मी. हिब्रूत ‘मी’ म्हणजे कोण. एके दिवशी दारावर टकटक झाली. धाकटा धावत दाराशी गेला आणि हिब्रूत विचारले, “मी?” बाहेर आजोबा होते. त्यांनी मराठीत उत्तर दिले, “मी!” आतून पुन्हा “मी?”, बाहेरून पुन्हा “मी!” असे पाच मिनिटे चालले होते. शेवटी आजोबा म्हणाले, “अरे बाबा, दार उघड, पाय दुखतात!”

आजोबांची दहा पावले

आजोबांचे पाय दुखण्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ते घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले. घरी आले तेव्हा चार पायांचा वॉकर बरोबर आला. ज्या माणसाने आयुष्यभर सकाळी समुद्रावर फेऱ्या मारल्या, त्याला आता पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जायचे तर धरायला माणूस लागे. ते गप्प झाले. “आता माझं काय राहिलंय,” असे म्हणू लागले.

त्याच दिवसांत धाकटा भिंती धरून चालत होता. आजोबांनी लहानपणी रेवदंड्यात लाकडी पांगुळगाडा ढकलला होता. तो मागून धरून ढकलायचा असे. हल्ली बाजारात मिळतात ते चाकांचे, बाळाला आत बसवायचे वॉकर वेगळे. त्यांतून मुले जिन्यावरून पडतात म्हणून कॅनडाने 2004 साली त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली. आम्ही तो आणला नाही. धाकट्याने आपला पांगुळगाडा स्वतःच शोधला: आजोबांचा वॉकर! पुढून आजोबा धरायचे, खालच्या दांडीला नातू लटकायचा. फिजिओथेरपिस्ट घरी यायची, ती हे बघून आधी घाबरली, मग म्हणाली, दोघांनी वेगवेगळे चाला, पण एकाच वेळी चाला.

मग रोज संध्याकाळी बोळकांडीत शर्यत लागे. थोरली पंच. ती मोठ्याने पावले मोजायची, आजोबांची मराठीत आणि भावाची हिब्रूत. पहिल्या दिवशी आजोबांची चार झाली. नातू सहाव्या पावलाला पडला. आठवड्याने आजोबांची दहा झाली. थोरलीने टाळ्या वाजवल्या आणि सासूबाईंनी तोंडात साखर घातली, पहिल्या दाताला घातली असती तशीच. आजोबा लाजले. “मी काय लहान मूल आहे का?” म्हणाले, पण साखर खाल्ली.

मला त्या दिवशी एक गोष्ट पटली. पाऊल टाकणाऱ्याला बघणारे कोणीतरी लागते. मूल पाऊल टाकताना पायांकडे बघत नाही, आपल्या तोंडाकडे बघते. आजोबाही दहावे पाऊल टाकून वर बघत होते, आम्ही बघतोय ना म्हणून. आपल्यातले कितीतरी वडीलधारे आज एकटे राहतात. ऑपरेशननंतर पहिल्यांदा जिना उतरलेले, नव्या चष्म्याने पहिल्यांदा वाचलेले, मोबाइलवर पहिल्यांदा नातवाला फोटो पाठवलेले. त्यांच्यासाठी टाळी वाजवायला कोणी हवे. एक फोन केला तरी चालेल. “आज किती पावलं झाली?” एवढेच विचारायचे.

उजवीकडून डावीकडे

थोरली किता अलेफमध्ये गेली तेव्हा 1 सप्टेंबरला पाठीवर स्वतःपेक्षा मोठे दप्तर होते. हिब्रू वाचायला शिकली आणि मग आजीच्या मागे लागली, “आता तुझी अक्षरं शिकव.” सासूबाईंनी अ, आ काढून दिले. काही दिवसांनी तिने आजीसाठी कागदावर पहिला मराठी शब्द स्वतः लिहिला. सासूबाईंनी चष्मा लावून वाचला, “जीआ? हे काय गं?” थोरली म्हणाली, “आजी! तुझं नाव लिहिलंय!” हिब्रूच्या सवयीने तिने उजवीकडून डावीकडे लिहिले होते. तो कागद सासूबाईंनी त्यांच्या सिद्दूरमध्ये ठेवला आहे. आमच्या घरी आता आजीला लाडाने ‘जीआ’च म्हणतात.

मुलांनो, तुमच्यासाठी काम

एक वही घ्या. आजी-आजोबांजवळ बसा, किंवा ते दूर असतील तर फोन करा, आणि हे प्रश्न विचारा:

1. माझे आई किंवा बाबा कधी चालायला लागले? त्या वेळी कुठला सण होता?
2. त्यांचा पहिला शब्द कोणता, आणि कुठल्या भाषेत?
3. पहिला दात पडला तेव्हा तो काय केला?
4. आजी, तुला लहानपणी सायकल, पोहणे किंवा वाचणे कोणी शिकवले?
5. आजोबा, तुम्ही या वर्षी कोणती गोष्ट पहिल्यांदा केली?

उत्तरे जशी सांगतील तशीच लिहा, मराठी शब्द असतील तर मराठीतच. अक्षर वाकडे आले तरी चालेल, उलटे आले तरी चालेल. पाचव्या प्रश्नाला आजोबा म्हणतील, “काही नाही रे, माझं काय नवीन असणार?” तेव्हा उठू नका. थोडा वेळ तिथेच बसा. काहीतरी नक्की आठवेल.